ध्रुवीय सागराकडे जाणाऱ्या मोहीम-जहाजावरील दैनंदिन जीवन : भारतीय अंटार्क्टिका मोहिमांच्या संदर्भात

सारांश

अंटार्क्टिका मोहिमांविषयीच्या लेखनात बर्फाळ खंडावरील संशोधनाला मोठे स्थान मिळते; परंतु तेथे पोहोचण्यापूर्वी सदस्य जो महिना-दीड महिना जहाजावर काढतात, त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. गोव्याहून निघालेल्या भारतीय मोहिमांच्या आधारे जहाजावरील वेळ, अन्न, पाणी, सुरक्षितता, संशोधन व सहजीवन यांची व्यवस्था कशी चालते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे. जहाजावरील प्रवास हा केवळ वाहतुकीचा भाग नसून परस्परांना अपरिचित असलेल्या माणसांना एका शिस्तबद्ध समूहात बांधणारी ती प्राथमिक शाळा असते, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : अंटार्क्टिका, मोहीम-जहाज, दैनंदिन जीवन, सागरी सुरक्षितता, सहजीवन.

प्रस्तावना

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपूरचा अंटार्क्टिकाशी काय संबंध, असा प्रश्न सहज पडू शकतो. या प्रश्नाचे एक उत्तर डॉ. अदिती पंत यांच्या चरित्रात सापडते. १९४३ मध्ये नागपुरात जन्मलेल्या डॉ. पंत पुणे विद्यापीठाच्या पदवीनंतर हवाई विद्यापीठात व पुढे लंडनमध्ये शिकल्या आणि गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी वनस्पतिप्लवकांच्या अभ्यासक म्हणून कार्यरत झाल्या. १९८३ च्या डिसेंबरमध्ये गोव्याहून निघालेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत त्या आणि भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता सहभागी झाल्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पोहोचलेल्या या पहिल्या भारतीय महिला होत.

भारताची पहिली मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून 'पोलार सर्कल' या भाडेतत्त्वावर घेतलेल्या नॉर्वेजियन जहाजातून निघाली. तीत २१ सदस्य होते. ९ जानेवारी १९८२ रोजी ते अंटार्क्टिकावर उतरले आणि २१ फेब्रुवारी १९८२ रोजी गोव्यास परतले. ७७ दिवसांच्या या मोहिमेतील प्रत्यक्ष बर्फावरचे वास्तव्य अल्प होते. तिचा बहुतांश काळ जहाजावर गेला. म्हणूनच मोहीम समजून घ्यावयाची तर आधी जहाज समजून घेणे आवश्यक ठरते.

प्रवासाचे स्वरूप

गोवा सुमारे १५ अंश उत्तर अक्षांशावर, तर भारताची संशोधन केंद्रे ७० अंश दक्षिण अक्षांशाच्या परिसरात आहेत. एका अंशास सुमारे १११ किलोमीटर धरले, तर केवळ उत्तर-दक्षिण अंतरच साडेनऊ हजार किलोमीटरच्या घरात जाते. ताशी १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर वेगाने चालणारे जहाज दिवसाला पाचशेहून थोडे अधिक किलोमीटर अंतर कापते. वाटेतील थांबे, वादळे व शेवटच्या टप्प्यातील बर्फ यांचा विचार करता हा प्रवास साधारण एका महिन्याचा होतो.

या महिन्यात जहाज पृथ्वीवरील जवळजवळ सर्व हवामानपट्ट्यांतून जाते. आरंभी उष्ण कटिबंधातील दमट उकाडा असतो. विषुववृत्त ओलांडल्यानंतर आग्नेय व्यापारी वारे लागतात. ४० अंश दक्षिण अक्षांशानंतर पश्चिमी वाऱ्यांचा प्रदेश सुरू होतो. या पट्ट्यात वाऱ्याला अडविणारी भूमी अत्यल्प असल्याने लाटा हजारो किलोमीटर अंतरावर वाढत येतात. खलाशी या अक्षांशांना 'गर्जणारे चाळीस' आणि त्यापुढील अक्षांशांना 'खवळलेले पन्नास' म्हणतात. त्यानंतर ५० ते ६० अंशांच्या दरम्यान उत्तरेकडील तुलनेने उबदार पाणी व दक्षिणेकडील थंड पाणी एकमेकांस भिडते. तेथे थोड्याच अंतरात पाण्याचे तापमान काही अंशांनी उतरते, धुके वाढते आणि पहिले हिमनग दृष्टीस पडतात. गोव्यात सुती कपड्यांत चढलेला सदस्य तीन-चार आठवड्यांत लोकरी व वातरोधक कपड्यांत वावरू लागतो. शरीराला या बदलाशी जुळवून घेण्यास जो अवधी लागतो, तो जहाजाच्या संथ गतीमुळे आपोआप मिळतो.

वेळेची व्यवस्था

जहाजावरील पहिला प्रश्न वेळेचा असतो. पृथ्वी तासाला १५ रेखांश फिरते. गोवा सुमारे ७४ अंश पूर्व रेखांशावर, तर 'मैत्री' हे केंद्र सुमारे १२ अंश पूर्व रेखांशावर आहे. ६२ अंशांच्या या फरकामुळे सूर्याच्या मानाने चार तासांहून अधिक अंतर पडते. ते एकदम न बदलता प्रवासात टप्प्याटप्प्याने घड्याळे मागे घेतली जातात. घड्याळ मागे घेण्याची सूचना आदल्या दिवशी फलकावर लावली जाते आणि त्या रात्री झोपेसाठी वाढीव वेळ मिळतो.

जहाज चोवीस तास चालू असल्यामुळे ते चालविणाऱ्यांचा दिवस चार-चार तासांच्या पहाऱ्यांत विभागलेला असतो. बारा ते चार, चार ते आठ आणि आठ ते बारा असे तीन पहारे दिवसातून दोन वेळा येतात. प्रत्येक गटास चार तास काम व आठ तास विश्रांती अशी आवर्तने मिळतात. ब्रिजवर अधिकारी व टेहळणी करणारा खलाशी, तर इंजिनकक्षात अभियंता व त्याचे सहायक असतात. मध्यरात्री बारा वाजता कामावर जाणाऱ्या माणसाला सायंकाळी शांत झोप मिळावी म्हणून मार्गिकांत मोठ्याने न बोलणे हा जहाजावरील अलिखित, पण कटाक्षाने पाळला जाणारा नियम आहे.

डिसेंबर-जानेवारीत जहाज जसजसे दक्षिणेकडे सरकते, तसतशी रात्र लहान होत जाते. ६६ अंश ३३ कलांच्या दक्षिणेस तर उन्हाळ्याच्या ऐन काळात सूर्य मावळतच नाही. प्रकाशावरून दिवसाचा प्रहर ओळखण्याची माणसाची उपजत सवय येथे निरुपयोगी ठरते. केबिनच्या खिडकीवर जाड पडदा लावून कृत्रिम रात्र निर्माण करावी लागते. अशा वेळी नाश्ता, दुपारचे जेवण व रात्रीचे जेवण यांच्या ठरलेल्या वेळाच दिवसाला आकार देतात. जेवणाची घंटा ही जहाजावर केवळ भुकेची सोय राहत नाही. मानसिक स्वास्थ्य टिकविण्याचे ते एक साधन बनते.

अन्न आणि पाणी

गांधीबागेतील गृहस्थाच्या घरी मीठ संपले, तर ते कोपऱ्यावरच्या दुकानातून आणता येते. जहाजावर जे बंदरातून चढविले नाही, ते पुढील बंदरापर्यंत मिळत नाही. त्यामुळे शिधा भरताना सदस्यसंख्या, प्रवासाचे दिवस व अडकून पडण्याची शक्यता या तिन्ही गोष्टींचा हिशेब करावा लागतो. पालेभाज्या व टोमॅटो आरंभीच्या दिवसांत, कोबी व गाजर त्यानंतर, तर बटाटे व कांदे अखेरपर्यंत अशा क्रमाने ताजा माल वापरला जातो. नाशवंत पदार्थ शीतगृहात ठेवले जातात. डाळी, तांदूळ, कणीक, मसाले व लोणची हा भारतीय मोहिमेचा कायमचा आधार असतो.

भाडेतत्त्वावरील परदेशी जहाजावर आहाराचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. जहाजाचे कर्मचारी व मोहिमेचे सदस्य यांच्या आहाराच्या सवयी भिन्न असतात आणि सदस्यांतही शाकाहारी, मांसाहारी, भात खाणारे व पोळी खाणारे असे सर्व प्रकार असतात. एकाच भटारखान्यातून या सर्वांची तृप्ती करणे हे संघभावनेच्या दृष्टीने महत्त्वाचे काम आहे. स्वयंपाकात आळीपाळीने हातभार लावण्याची जी सवय पुढे केंद्रावर आवश्यक असते, तिची तोंडओळख येथेच होते.

खवळलेल्या समुद्रात अन्न शिजविणे व वाढणे हेही कौशल्याचे काम आहे. शेगडीवरची भांडी सरकू नयेत म्हणून तिला कठडे असतात, टेबलांच्या कडा उंच असतात आणि टेबलावर ओले कापड अंथरले म्हणजे ताटे घसरत नाहीत. बर्फात चालणाऱ्या जहाजांचा तळ बर्फावर चढून तो दाबून फोडता यावा म्हणून गोलसर असतो. त्याचा परिणाम असा की मोकळ्या समुद्रात ही जहाजे इतरांपेक्षा अधिक डोलतात. बर्फात जे सुरक्षित, तेच मोकळ्या पाण्यात त्रासदायक ठरते. अनेकांना बोट लागते. अंतर्कर्णाला जाणवणारी हालचाल व डोळ्यांना स्थिर दिसणारी केबिन यांतील विसंगती हे त्याचे कारण आहे. क्षितिजाकडे पाहणे, थोडे-थोडे कोरडे अन्न घेणे व जहाजाच्या मध्यभागी विश्रांती घेणे हे त्यावरील साधे उपाय होत.

गोड्या पाण्याचा साठाही मर्यादित असतो. इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर समुद्राचे पाणी तापवून जहाजावर गोडे पाणी तयार केले जाते. बंद पात्रातील हवेचा दाब कमी केल्यामुळे पाणी शंभर अंशांच्या कितीतरी आधीच उकळते आणि मीठ मागे राहून निव्वळ वाफ गोळा होते. परंतु इंजिन मंदावले किंवा जहाज बर्फात थांबले, की हे उत्पादन घटते. म्हणून आंघोळ व कपडे धुणे यांवर मर्यादा घातली जाते. पाणी काटकसरीने वापरण्याचा हा धडा पुढे केंद्रावर उपयोगी पडतो. तेथे पाण्याचा प्रत्येक थेंब उपसून किंवा वितळवून मिळवावा लागतो व तो गोठू न देण्यासाठी इंधन खर्च होते.

सुरक्षिततेची शिस्त

प्रवासाच्या आरंभीच आपत्कालीन कवायत घेतली जाते. सात लहान व एक लांब भोंगा हा सर्वांनी नेमून दिलेल्या जागी जमण्याचा संकेत असतो. लाइफ जॅकेट कसे बांधावे, कोणाची लाइफबोट कोणती, आग लागल्यास कोणी काय करावे, हे प्रत्येकास ठाऊक असावे लागते. शून्य अंशाच्या आसपासच्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांतच निकामी होऊ लागतात. त्यामुळे वादळात उघड्या डेकवर एकट्याने न जाणे हा नियम सर्वांना सारखाच लागू होतो. पदव्या व हुद्दे यांना येथे सवलत नसते. सुरक्षिततेच्या बाबतीत कप्तानाचा शब्द अंतिम असतो आणि मोहीमप्रमुखही त्यास अपवाद नसतो.

ही शिस्त औपचारिक नव्हे. १९९० च्या जानेवारीत नवव्या मोहिमेतील चार सदस्यांचा अंटार्क्टिकावरील तंबूत कार्बन मोनॉक्साइडने गुदमरून मृत्यू झाला. बर्फात थंडीपासून रक्षण करणारे बंदिस्तपणच जीवघेणे ठरू शकते, हे या घटनेने दाखवून दिले. हवा खेळती ठेवणे, आपल्या जागेची माहिती ठरलेल्या वेळी कळविणे, सोबत्यावर लक्ष ठेवणे या सवयी संकटाच्या क्षणी शिकता येत नाहीत. त्या आधी अंगवळणी पडलेल्या असाव्या लागतात. जहाजावरील पुनःपुन्हा होणाऱ्या, प्रसंगी कंटाळवाण्या वाटणाऱ्या कवायतींचा अर्थ येथे आहे.

पर्यावरणविषयक नियमही दैनंदिन जीवनाचा भाग बनले आहेत. अंटार्क्टिक करारांतर्गत पर्यावरण संरक्षणाचा मसुदा १९९१ मध्ये मान्य होऊन १९९८ पासून अमलात आला. ६० अंश दक्षिण अक्षांशापलीकडे कचरा समुद्रात टाकता येत नाही. तो वेगळा करून, बांधून परत न्यावा लागतो. बुटांना चिकटलेली माती वा खिशाच्या शिवणीत अडकलेले बी यांतून परक्या सजीवांचा शिरकाव होऊ नये म्हणून उतरण्यापूर्वी कपडे व पादत्राणे स्वच्छ करणे आवश्यक असते. भारतानेही २०२२ मध्ये भारतीय अंटार्क्टिक अधिनियम संमत केला.

संशोधनाचा दिनक्रम

वैज्ञानिकांच्या दृष्टीने जहाज ही चालती प्रयोगशाळा असते. हवामानशास्त्रज्ञ ठरावीक तासांनी वायुभार, तापमान, आर्द्रता, वारा व ढग यांच्या नोंदी घेतात. दक्षिण महासागरात वेधशाळा विरळ असल्याने या नोंदींचे मूल्य मोठे असते. भूचुंबकत्वाचे अभ्यासक मार्गावरील चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे मापन करतात. जहाज स्वतः पोलादाचे असल्यामुळे त्याचा प्रभाव टाळण्यासाठी मापक लांब दोरीने मागे ओढत न्यावा लागतो. समुद्रजीवशास्त्रज्ञ पाण्याचे नमुने काढतात व बारीक जाळीने प्लवक गोळा करतात. पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते, हे पाहिले की प्रकाश किती खोल जातो याचा अंदाज येतो. वनस्पतिप्लवकांची वाढ या प्रकाशावर अवलंबून असते आणि दक्षिण महासागरातील क्रिल, पेंग्विन व देवमासे यांची अन्नसाखळी त्यांच्यावर उभी असते.

हे काम जहाजाच्या सहकार्याविना अशक्य आहे. नमुना घेण्यासाठी जहाज थांबवावे लागते. थांबणे म्हणजे वेळ व इंधन यांचा खर्च. बर्फ वितळून वाट मोकळी असण्याचा काळ थोडा असल्याने बांधकाम, मालवाहतूक व संशोधन यांच्या गरजांत ओढाताण होते. तिसऱ्या मोहिमेवर 'दक्षिण गंगोत्री' हे पहिले कायम केंद्र उभारण्याची जबाबदारी होती व त्यासाठी उन्हाळ्याचे थोडेच आठवडे उपलब्ध होते. डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखालील या मोहिमेत 'फिनपोलॅरिस' जहाजावर वैज्ञानिकांसमवेत सैनिकी अभियंते, वैमानिक व तंत्रज्ञ होते. केंद्र वेळेत उभे राहिले आणि १२ जणांचा चमू तेथे प्रथमच हिवाळ्यासाठी मागे राहिला. प्रत्येकाला आपले काम तातडीचे वाटत असताना अग्रक्रम ठरविणे हे नेतृत्वाचे मुख्य काम असते आणि त्यासाठी दररोजच्या बैठकीत प्रत्येकाचे म्हणणे ऐकले जाणे आवश्यक ठरते.

सहजीवन आणि स्त्रियांचा सहभाग

केबिनमध्ये दोन किंवा अधिक माणसे राहतात. सहनिवासी निवडण्याचे स्वातंत्र्य क्वचितच असते. कोणाचे घोरणे, कोणाचा रेडिओ, कोणाची अव्यवस्था अशा क्षुल्लक बाबी काही दिवसांत मोठ्या होऊ शकतात. त्यावर उपाय म्हणून बुद्धिबळ, कॅरम, वाचन, भजन-गायन, व्याख्याने व सणसमारंभ यांची योजना केली जाते. विषुववृत्त ओलांडताना प्रथमच प्रवास करणाऱ्यांची सागरदेवतेच्या दरबारात थट्टामस्करी करण्याची खलाशांची जुनी परंपरा आहे. वरिष्ठ-कनिष्ठ भेद तेवढ्यापुरता गळून पडतो. डिसेंबरमध्ये निघालेल्या मोहिमेत नाताळ व नववर्ष समुद्रावर येतात, तर संक्रांत व प्रजासत्ताक दिन पुष्कळदा बर्फाच्या सान्निध्यात.

पहिल्या दोन मोहिमांत स्त्री सदस्य नव्हत्या. तिसऱ्या मोहिमेतील दोघींच्या सहभागाचे महत्त्व केवळ 'पहिल्या' म्हणून नाही. वादळ, पहारे, कवायती, उघड्या डेकवरील नमुनासंकलन हा सर्व दिनक्रम त्यांनी इतरांबरोबर पार पाडला आणि अशा प्रवासात स्त्री वैज्ञानिकांस स्थान असावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष कामातून दिले. पुढे डॉ. कंवल विल्कू यांनी २००० मध्ये 'मैत्री' केंद्रावर हिवाळा काढला, तर भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या मंगला मणी २०१६-१७ मध्ये 'भारती' केंद्रावर ४०३ दिवस राहिल्या. जहाजावर उघडलेला दरवाजा अशा रीतीने केंद्रापर्यंत पोहोचला.

घरच्यांशी संपर्क हा सहजीवनाचा नाजूक पैलू आहे. आरंभीच्या मोहिमांत रेडिओसंदेश व पत्रे यांवरच भिस्त होती. १९८४ मध्ये दक्षिण गंगोत्री येथे टपाल कार्यालय सुरू झाले व गोवा टपाल विभागाशी ते जोडले गेले. ते केंद्र बर्फाखाली जाऊ लागल्यावर कार्यालय 'मैत्री'कडे गेले आणि एप्रिल २०२४ मध्ये 'भारती' येथेही टपालसेवा सुरू झाली. तिच्या प्रायोगिक पिनकोडची सुरुवात महाराष्ट्राच्या 'एमएच' या अक्षरांनी होते, ही बाब येथील वाचकांस विशेष वाटेल. उपग्रहामुळे आज संपर्क सुलभ झाला आहे. तथापि घरातील आजारपणाची बातमी तत्काळ कळते, पण परतणे तत्काळ शक्य नसते, हा ताण मात्र कायम आहे.

बदलते स्वरूप

कालांतराने गोव्याऐवजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन हे प्रस्थानाचे प्रमुख ठिकाण बनले आणि २००२ मध्ये अनेक राष्ट्रांनी मिळून उभारलेल्या हवाई व्यवस्थेमुळे पुष्कळ सदस्य काही तासांतच बर्फावर उतरू लागले. इंधन, यंत्रे व शिधा यांसाठी जहाज अपरिहार्यच राहिले. परंतु माणसे व माल यांचे मार्ग वेगळे झाले.

कोविडच्या काळात हे चित्र पुन्हा पालटले. ४० वी मोहीम ५ जानेवारी २०२१ रोजी ४३ सदस्यांसह 'वासिली गोलोवनिन' या जहाजातून थेट गोव्याहून निघाली. हिवाळ्यासाठी 'भारती' केंद्राचे नेतृत्व भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे अतुल सुरेश कुलकर्णी यांच्याकडे व 'मैत्री'चे नेतृत्व भारत हवामानशास्त्र विभागाचे रवींद्र संतोष मोरे यांच्याकडे सोपविले होते. विमानाचा वेगवान मार्ग बाजूस ठेवून सुमारे एका महिन्याचा सागरी मार्ग स्वीकारण्यामागे रोगसंसर्ग टाळण्याचा हेतू होता. केंद्रावर पोहोचण्यापूर्वी एकाच जहाजावर एकत्र राहिलेला समूह हे त्यातून साधले. चाळीस वर्षांपूर्वीची अपरिहार्यता या वेळी सावधगिरी म्हणून उपयोगी पडली.

विमानाने वेळ वाचतो, हे निर्विवाद. परंतु जहाजावरील आठवड्यांत जे घडत असे, ते विमानात घडत नाही. स्वभावांची ओळख, मतभेद मिटविण्याचा सराव, पाणी व अन्न यांची काटकसर, आज्ञापालन व परस्परांवरील विश्वास या गोष्टींना काळ लागतो. हिवाळी चमूला सुमारे वर्षभर एकत्र राहावयाचे असते आणि त्यांपैकी कित्येक महिने कोणतेही जहाज वा विमान तेथे पोहोचू शकत नाही. उत्तराखंडातील औली येथे दिले जाणारे हिमप्रशिक्षण, वैद्यकीय व मानसिक चाचण्या यांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर अधिकच वाढते. जहाजाने पूर्वी नकळत केलेले काम आता हेतुपूर्वक करावे लागते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, मोहीम-जहाजावरील दैनंदिन जीवन हे वेळ, अन्न, पाणी व सुरक्षितता यांच्या काटेकोर नियोजनावर उभे असते आणि संशोधनाची गुणवत्ता या नियोजनावर अवलंबून असते. दोन, जहाजावरील सामान्य वाटणाऱ्या सवयी पुढे बर्फावर जीवनमरणाचा प्रश्न ठरू शकतात. तीन, भिन्न प्रांत, भाषा, व्यवसाय व लिंग यांच्या व्यक्तींना एका समूहात बांधण्याचे कार्य जहाज करते. चार, हवाई मार्गामुळे हा अवधी घटल्याने त्याची भरपाई प्रशिक्षणातून करणे आवश्यक आहे.

महाविद्यालयीन अध्यापनातही या विषयाचा उपयोग होऊ शकतो. अक्षांश-रेखांश, क्षारयुक्त पाण्याचे ऊर्ध्वपातन, प्रकाशसंश्लेषण, समूहाचे मानसशास्त्र व आंतरराष्ट्रीय करार हे वेगवेगळ्या विद्याशाखांचे विषय एका जहाजाच्या उदाहरणातून एकत्र शिकविता येतात. समुद्र न पाहिलेल्या विद्यार्थ्यालाही ध्रुवीय संशोधन हे आपल्या आवाक्यातील क्षेत्र आहे असे त्यातून वाटू लागले, तर नागपुरात जन्मलेल्या एका सागरशास्त्रज्ञाने स्वीकारलेली वाट अधिक जणांसाठी खुली होईल.